माळ्यावरची जपानी तलवार आणि हातातला ब्रासो: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढले. त्यांनी आणलेली जपानी तलवार माळ्यावर सापडली. भाऊ म्हणतो ब्रासोने चकाचक करून शोकेसमध्ये लावू. ही खरी सामुराई तलवार असेल का? (सातारा)

भावाच्या हातातून ब्रासो काढून घ्या, बाकीचं नंतर बोलू. आजोबांची गोष्ट अगदी पटण्यासारखी आहे, मार्च 1944 मध्ये इंफाळकडे येणाऱ्या जपान्यांना सांगशाकला अडवणाऱ्यांत मराठ्यांची चौथी बटालियन होती, आणि 1945 च्या शरणागतीत तर जपानी अधिकाऱ्यांनी तलवारी ढिगाने खाली ठेवल्या.

आता मूठ बघा. सगळी धातूची ओतीव असेल, धाग्याची वीण नुसती साच्यातून उठवलेली आणि पात्यावर मुठीजवळ नंबर ठोकलेला, तर ती 1935 सालच्या नमुन्याची, सार्जंट वगैरे लोकांना मिळायची ती कारखान्यातली तलवार. सामुराईशी संबंध शून्य, पण युद्धाची आठवण म्हणून जपा, आणि ती मूठ खोलायच्या फंदात पडू नका. पाकट माशाच्या खरखरीत कातड्यावर खरा धागा गुंडाळलेला असेल तर मात्र अधिकाऱ्याची (1934 किंवा 1938 चा नमुना), आणि इथे मजा सुरू होते, कारण बरेच अधिकारी घरातलं जुनं पातं लष्करी मुठीत बसवून घ्यायचे, त्यामुळे बाहेरून 1938 आणि आत तीनशे वर्षं जुनं असं होऊ शकतं.

अधिकाऱ्याच्या तलवारीच्या मुठीत एक बांबूची खुंटी असते, मेकुगी म्हणतात, ती हळूच ठोकून काढली की मूठ सुटते. आतलं शेपूट म्हणजे नाकागो. तिथे छोटा शिक्का मारलेला दिसला तर बहुतेक युद्धकाळात घाईत बनवलेलं पातं. शिक्का नाही, गंज गडद तपकिरी, जवळपास काळा, खुंटीची भोकं एकापेक्षा जास्त, तर उठून बसा. आणि हो, तो गंज कधीच, म्हणजे कधीच घासायचा नाही. जाणकार लोक पात्याचं वय त्या गंजाच्या रंगावरून आणि खालच्या कानशीच्या रेघांवरून ठरवतात, तो घासला की अर्धा पुरावा गेला. पात्याचंही तेच. धारेलगतची ढगांसारखी पांढुरकी रेघ (हामोन) आणि पोलादाची वीण दिसते ती पॉलिशवाल्याने एकामागून एक दगड वापरून उघडी केलेली असते, ब्रासो आणि सँडपेपर ती पुसून टाकतात. परत आणायला जपानी पद्धतीत तयार झालेला कारागीर लागतो, खर्च भरपूर, आणि दरवेळी थोडं पोलाद कायमचं जातं ते वेगळंच.

प्रश्न: न्यू जर्सीत एका घराच्या सेलमध्ये काताना घेतली. ॲपने नाकागोवरची लोहाराची सही वाचली तर कोतेत्सु निघाली! जॅकपॉट का?

शक्यता फार कमी. नागासोने कोतेत्सु हा सतराव्या शतकातला एदोचा (आजचं टोकियो) लोहार, आधी चिलखतं बनवायचा, मग तलवारींकडे वळला आणि इतका गाजला की त्याच्या खोट्या सह्या तेव्हापासूनच सुरू झाल्या. शिनसेनगुमी या शोगुनच्या बाजूने लढणाऱ्या तलवारबाजांच्या पथकाचा प्रमुख कोंदो इसामी आपली तलवार कोतेत्सु म्हणून मिरवायचा, तीही खरी नव्हती असंच बहुतेक जाणकार मानतात. तर तुमची काय कथा.

माझं स्पष्ट मत, सही सगळ्यात शेवटी वाचावी. आधी आकार, वक्रता, पोलादाची वीण, हामोन, टोकाची घडण, मग नाकागो, आणि या सगळ्यावरून जो काळ आणि लोहारांची जी परंपरा निघते तिच्याशी सही जुळते का ते बघायचं. नवखे लोक बरोब्बर उलटं करतात, सहीवरून किंमत ठरवतात आणि मग पात्यात ते गुण शोधत बसतात. उलट बिनसहीचं पातं म्हणजे हलकं असंही नाही, लांब ताची (कातानाच्या आधीची जुनी, लांब तलवार) कापून आखूड करताना सही असलेला भाग जायचा, त्यामुळे फार मोठी नावं आज बिनसहीची आहेत. खात्री हवी असेल तर 1948 साली स्थापन झालेली जपानी कला-तलवार जतन संस्था, एनबीटीएचके, पातं समोर ठेवून तपासते आणि होझोन, तोकुबेत्सु होझोन, जुयो अशा चढत्या दर्जाचे दाखले देते. फोटोवरून नाही देत. मीही नाही देत, कृपया आग्रह नको.

प्रश्न: तलवार परवडत नाही, म्हणून ऑनलाइन त्सुबा घ्यायचा विचार आहे. खोटी कशी ओळखायची? (पुणे)

हा विचार मला फार आवडला, सुरुवात इथूनच करावी. त्सुबा म्हणजे मुठीपुढची तबकडी, स्वतंत्र कला आहे ती, नुसतं गोतो घराणंच बघा, पंधराव्या शतकापासून सतरा पिढ्या तलवारीचा साज घडवत होतं. नक्कल बहुतेक ओतीव असते, कडेला साच्याचा सांधा, खोबणीत बारीक बुडबुड्यांचे खड्डे, नक्षीच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत. खऱ्या कामात छिन्नीची धार जाणवते. मधल्या भोकाभोवती तलवारीवर बसवल्याच्या खुणा आहेत का बघा, पण त्याही खोट्या करतात, त्यामुळे तेवढ्यावर भुलू नका. शाकुदो म्हणजे तांब्यात थोडं सोनं, त्याचा निळसर काळा रंग हीच त्याची किंमत, चिंच-लिंबू लावून चमकवलंत तर संपलं. 1876 साली जपानने कमरेला तलवार लावायलाच बंदी घातली आणि साज घडवणारे कारागीर परदेशी गिऱ्हाइकांसाठी फुलदाण्या वगैरे करायला लागले, त्यामुळे सुटा साज बाजारात भरपूर आहे, घाई करू नका.

प्रश्न: रत्नागिरीच्या दमट हवेत पात्याला कुठलं तेल? खोबरेल चालेल?

नाही. मोहरीचंही नको, चिकट होतं. पातळ, स्वच्छ मशीन ऑइल, अगदी पुसट हात, आणि पावसाळ्यात दर थोड्या दिवसांनी जुनं पुसून नवं. उघड्या पात्याला बोट लावायचं नाही, घामाचा ठसा गंजून कायमचा राहतो.

प्रश्न: वडिलांकडे युद्धातली जपानी तलवार आहे, मूळ कुटुंबाला परत करायची इच्छा आहे. कुरियर करू का? (नाशिक)

इच्छा चांगली, कुरियर नको. 1945 नंतर जपानमधल्या कागोशिमाच्या तेरुकुनी देवस्थानातली, कुनिमुने या जुन्या लोहाराची ताची, राष्ट्रीय ठेवा असलेली, गायब झाली होती. वॉल्टर कॉम्प्टन या अमेरिकन संग्राहकाला ती अटलांटाच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळाली आणि 1963 साली त्याने पैसे न घेता परत केली. पण प्रत्येक तलवारीचं असं होत नाही. जपानमध्ये फक्त पारंपरिक पद्धतीने घडवलेल्या पात्याचीच नोंदणी होते, कारखान्यातली लष्करी तलवार तिथे पोचली तर जप्त होऊन नष्ट होते. म्हणजे तुम्ही भावनेने पाठवणार आणि तिकडे ती भंगारात. आपल्याकडचंही बघा, 1959 च्या शस्त्र कायद्यासाठी ती शस्त्र आहे, आधी पोलिसांच्या परवाना शाखेत विचारा, आणि पातं शंभर वर्षांहून जुनं निघालं तर 1972 च्या पुरावशेष कायद्याने खाजगी माणसाला ते देशाबाहेर पाठवताच येत नाही, तेव्हा पुरातत्त्व खात्याला दाखवल्याशिवाय हलवू नका.

तोवर मुठीला किंवा म्यानाला बांधलेली लाकडी पट्टी, कापडी चिठ्ठी काही आहे का शोधा. शरण येताना काही अधिकाऱ्यांनी त्यावर नाव-पत्ता लिहून ठेवला होता. ती मळकी दिसते म्हणून लोक फेकून देतात. फेकू नका, दोन्ही बाजूंचा फोटो काढा आणि जपानी वाचणाऱ्याला दाखवा, कुटुंब सापडलं तर त्यावरूनच सापडेल.