टेबल फॅनच्या मोटरला नेमके कोणते तेल घालावे?

सुरू करताना नुसता गुणगुणणारा आणि हाताने ढकलल्यावरच फिरणारा टेबल फॅन खोबरेल, गाडीचे इंजिन ऑइल की डब्ल्यूडी-४० घालून सुरळीत होईल, असे आपण विचारले आहे. माझ्या मते या तिन्हींपैकी काहीही घालू नये. त्याआधी सॉकेटमधून प्लगची पिन काढून पाते बोटाने फिरवून पाहावे. ते सैल फिरून सावकाश थांबत असेल, तर दोष बहुधा कॅपॅसिटरचा, म्हणजे मोटरला सुरू होण्यासाठी रेटा देणाऱ्या विद्युत भागाचा, असतो आणि तो कोणत्याही तेलाने जात नाही.

पाते जड फिरून चटकन थांबत असेल, तर बुश, म्हणजे मोटरचा दांडा (शाफ्ट) ज्यात फिरतो ती धातूची नळी, कोरडा पडला आहे असे समजावे. हा बुश ब्राँझची भुकटी दाबून आणि भाजून केलेला असतो. त्याच्या बारीक छिद्रांत तेल मुरलेले असते, शाफ्ट फिरून बुश तापला की ते बाहेर येते आणि थंड झाल्यावर पुन्हा आत शोषले जाते. भोवतीची फेल्टची (दाबलेल्या लोकरीसारख्या जाड कापडाची) चकती म्हणजे त्याचा राखीव साठा. साहजिकच येथे छिद्रे न बुजवणारे, साधे खनिज तेल लागते. आयएसओ व्हीजी (तेलाचा दाटपणा सांगणारा क्रमांक) ३२ किंवा ४६ दर्जाचे तेल उत्तम. ते न मिळाल्यास शिलाई मशीनचे तेल चालते, मात्र ते पातळ असल्यामुळे लवकर पुन्हा घालावे लागते.

खोबरेल थंडीत गोठते आणि काही महिन्यांत चिकट होऊन बसते. इंजिन ऑइलमधील डिटर्जंट घाण तेलातच तरंगती ठेवतात, कारण गाडीत ती अडवायला फिल्टर असतो. बुशजवळ तसे काही नसल्यामुळे ती छिद्रांतच साचते. डब्ल्यूडी-४० मध्ये बहुतांश भाग उडून जाणाऱ्या द्रावकाचा असल्याने ते जुना चिकटा सैल करण्यापुरतेच वापरावे, नंतर तो पुसून फेल्टवर तेलाचे दोन-तीन थेंब सोडावेत. जास्त तेल वाइंडिंगवर (मोटरमधील तारेच्या गुंडाळीवर) उडून तेथे धूळ धरते.

छताच्या पंख्याला मात्र हा उपाय लावू नये. त्यात सहसा ग्रीस भरलेले बंद बॉल बेअरिंग असते. ते आवाज करू लागले की त्यावर कोरलेला क्रमांक, उदाहरणार्थ ६२०२, पाहून नवे बसवावे. मिक्सरच्या मोटरमधील कार्बन ब्रशजवळ (फिरत्या भागाला वीज पोहोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांजवळ) तेलाचा थेंबही जाता कामा नये, आणि भांड्यातील पात्याचा बुश अन्नाला लागून असल्यामुळे तेथे केवळ खाद्य-दर्जाचे ग्रीसच चालते.