कोब्रा रेप्लिकात 427 की 302? माझं मत स्मॉल-ब्लॉकला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 427 च्या रुंद अंगाची कोब्रा रेप्लिका किट घ्यायची ठरली आहे, गाडी मिशिगनमध्ये राहणार, उन्हाळ्यात शनिवार-रविवारी फिरणार, अधूनमधून ट्रॅकवर जाणार. इंजिन फोर्डचं 7 लिटरचं बिग-ब्लॉक (427) घ्यावं की 5 लिटरचं स्मॉल-ब्लॉक (302)? हे आकडे इंजिनच्या क्युबिक इंचांचे. त्यात मित्रमंडळींनी ‘कोब्रा म्हणजे 427, बाकी सगळं नाटक’ असं सांगून तुम्हाला घोळात घातलंय.

मी स्मॉल-ब्लॉक घेईन.

आधी त्या ‘अस्सल’पणाचा निकाल लावू, कारण खरी अडचण तिथेच आहे. 1962 मध्ये अमेरिकी रेसर कॅरोल शेल्बीने इंग्लंडच्या एसी कंपनीच्या हलक्या टू-सीटरमध्ये फोर्डचं जे व्ही-8 बसवून कोब्रा बनवली ते 260 क्युबिक इंचांचं, म्हणजे जेमतेम 4.2 लिटर. मग 289 आलं. 1965 चं जीटी गाड्यांचं जागतिक विजेतेपद शेल्बीने फेरारीच्या नाकावर टिच्चून मिळवलं, ते मुख्यतः डेटोना कूपेच्या, म्हणजे कोब्राच्याच बंद छताच्या रेसिंग गाडीच्या, जोरावर, आणि तिच्यात 289 च होतं. 427 तेव्हा कुठे होतं? होमोलोगेशनला, म्हणजे शर्यतीत उतरण्याच्या अधिकृत मान्यतेला, लागणाऱ्या 100 गाड्या वेळेत तयार न झाल्यामुळे बाहेर बसलं होतं. पडून राहिलेल्या रेसिंग गाड्या मग रस्त्यासाठी विकल्या गेल्या. तीच एस/सी (सेमी-कॉम्पिटिशन), आणि आज बहुतेक किटवाले नक्कल करतात ती तिचीच. वर रस्त्यासाठीच्या बऱ्याच ‘427’ कोब्रांत कारखान्यातूनच स्वस्तातलं 428 बसून आलं होतं. तेव्हा बॉनेट उघडल्यावर कोणी नाक मुरडलं तर मनाला लावून घेऊ नका.

आता वजन. बिडाचं 427 म्हणजे सुमारे 295 किलो, बिडाचंच 302 सुमारे 210. अॅल्युमिनियमची हेड्स टाकून दोन्ही हलकी करता येतात, पण फरक राहतोच, आणि तो सगळा गाडीच्या नाकावर बसतो. शेल्बीलाही 427 साठी चासी जवळपास नव्याने करावी लागली: मुख्य नळ्या 3 इंचांच्या 4 इंच झाल्या, आडव्या पाट्यांच्या स्प्रिंगच्या जागी कॉइल स्प्रिंग आल्या. ट्रॅकवर वळणात शिरताना हा बोजा पहिल्याच लॅपला कळतो. वळणातून बाहेर पडताना वेगळीच गंमत. व्हीलबेस 90 इंचांचा, ट्रॅक्शन कंट्रोल नाही, एबीएस नाही, आणि उजव्या पायाखाली 480 पौंड-फूट टॉर्क. पाऊस पडून गेलेला असला तर देवाचं नाव घ्यायचं.

आणि ताकद कमी पडेल ही भीती तर काढूनच टाका. किट तयार झाल्यावर साधारण 1,070 किलोची होते. 300 हॉर्सपॉवर धरले तर एका हॉर्सपॉवरमागे साडेतीन किलो. 2011 ची मुस्टँग जीटी 412 हॉर्सपॉवरची असूनही तिचा हिशोब चार किलोच्या आसपास जातो. रस्त्यावर यापेक्षा जास्त वापरणार कुठे?

उष्णतेबद्दल कोणी आधी बोलत नाही. ऑगस्टमध्ये डेट्रॉइटजवळच्या वुडवर्ड ड्रीम क्रूझला, त्या जुन्या गाड्यांच्या जत्रेला, गाडी न्यायचा मोह तुम्हाला होणारच. तिथे तासन् तास गोगलगाईच्या गतीने सरकताना 7 लिटरचं धूड पाय भाजून काढतं, फूटबॉक्सला (पाय आणि पेडलं असतात त्या कप्प्याला) आतून इन्सुलेशन लावलं तरी. स्मॉल-ब्लॉकही तापतं, पण रेडिएटर आणि पंखा त्याला पुरे पडतात. (उतरताना पोटरी साइडपाइपला, म्हणजे दाराखालून जाणाऱ्या एक्झॉस्टला, लागली की कातडी जाते. इंजिन कुठलंही असो, हाफ पँट घालून जाऊ नका.)

खर्चाचंही तेच. मुस्टँगचा जुना टी-5 गिअरबॉक्स 300 पौंड-फुटांसाठी केलेला. सौम्य 302 मागे तो वर्षानुवर्षं चालतो; बिग-ब्लॉकमागे टीकेओ-600 किंवा तसाच दणकट गिअरबॉक्स लागतो, मग क्लच, मग मागचा अॅक्सल. इंजिनच्या किमतीवर हिशोब थांबत नाही.

बजेट बेताचं असेल तर जंकयार्डमध्ये 1996 ते 2001 ची व्ही-8 फोर्ड एक्सप्लोरर शोधा. त्या 5 लिटरच्या इंजिनला रोलर कॅम असतो आणि हेड्स जुन्या मुस्टँगपेक्षा बरी असतात. हेडच्या कोपऱ्यावर ओतीव उभ्या रेघा दिसतील, बोटाने चाचपल्या तरी कळतात. तीन असतील तर जीटी-40. चार असतील तर जीटी-40पी; तीही चांगली, पण तिच्या स्पार्क प्लगचा कोन वेगळा असल्याने साधे हेडर (इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) प्लगला अडतात. तेव्हा हेडर ऑर्डर करण्याआधी रेघा मोजा. कॅम आणि इनटेक बदललं की 300 हॉर्सपॉवरच्या घरात जाता येतं. हे इंजिन ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससोबत येतं, म्हणून फ्लायव्हील नवं लागेल. ते 50 औंस बॅलन्सचंच मागा, म्हणजे या इंजिनच्या क्रँकशी जुळणाऱ्या वजनाचं. 60-70 च्या दशकातल्या 289 आणि 302 चं 28 औंसवालं बोल्टांना बरोब्बर बसतं, आणि मग इंजिन थरथरून बेअरिंग खातं.

त्याच ब्लॉकमध्ये लांब स्ट्रोकचा क्रँक टाकून 347 करता येतं. मात्र 500 हॉर्सपॉवरच्या आसपास गेलात की कारखान्याचा 302 ब्लॉक मधोमध चिरतो, यात अतिशयोक्ती नाही. तेवढी हाव असेल तर 351 विंडसरपासून, म्हणजे फोर्डच्या मोठ्या स्मॉल-ब्लॉकपासून, सुरुवात करा. मूळ ब्लॉकमध्ये ते 408 पर्यंत जातं, जाड भिंतींच्या नव्या ब्लॉकमध्ये 4.125 इंच बोअर आणि 4 इंच स्ट्रोकने थेट 427. मित्रांना आकडाच हवा असेल तर घ्या म्हणावं.

कोयोटीचं (फोर्डच्या नव्या 5 लिटर व्ही-8 चं) विचारलं नव्हतंत, पण कोणीतरी सुचवेलच. इंजिन उत्तम, चार कॅमशाफ्टमुळे रुंद. त्यासाठी ड्रायव्हरच्या बाजूचा फूटबॉक्स बदलावा लागतो. तुमचा पाय मोठा असेल तर आधी कोणाच्या तरी गाडीत बसून क्लच दाबून बघा.

बिग-ब्लॉक घेऊच नये असं मात्र नाही. ट्रॅकचा विचार सोडून देणार असाल, खिसा सैल असेल आणि आयडलवर सगळी गाडी हलवणारा तो आवाजच हवा असेल, तर 428 घ्या. लांब स्ट्रोकमुळे ते कमी आरपीएमलाच आरामात ओढतं, गिअर बदलायचासुद्धा कंटाळा केला तर चालतो, आणि शर्यतीसाठी घडवलेल्या 427 च्या मानाने खर्चही आवाक्यात राहतो. फक्त किटवाल्याला पैसे देण्याआधी ठरवा, कारण इंजिन माउंट, हेडर आणि रेडिएटर त्यानुसार येतात आणि मागाहून बदलायचे म्हणजे ते सगळं दुसऱ्यांदा विकत घेणं.