शेक, चिथावणी आणि 'फोमेंट'

प्रश्न : मी पंचवटीत फिजिओथेरपीचं काम करते. आम्ही रोज 'हॉट फोमेंटेशन' लिहितो, म्हणजे गरम शेक. इंग्रजी पेपरात मात्र 'फोमेंट अनरेस्ट', म्हणजे असंतोषाला चिथावणी देणं, असं छापून येतं. हा शब्द तोच का?

तोच. आणि तुमचा अर्थ आधीचा, पेपरवाल्यांचा नंतरचा. लॅटिनमध्ये 'फोवेरे' म्हणजे ऊब देणं, जपणं. त्यावरून 'फोमेंटुम', म्हणजे गरम पाण्याची पट्टी किंवा पोटीस. फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला तोही वैद्याच्या पिशवीतूनच. सतराव्या शतकात लोक तो बंडाळी, फितुरी, भांडणं यांना लावू लागले.

हे क्रियापद ठिणगी टाकण्याचं नाही. गळू पिकावं म्हणून जुन्या बायका अळशीचं पोटीस बांधायच्या, निवलं की पुन्हा गरम करून बांधायच्या. 'फोमेंट'मधली कृती नेमकी तशी आहे. आत काहीतरी ठुसठुसत असतं आणि कुणीतरी त्याला ऊब देत राहतं. म्हणून मराठीत मी 'भडकवणे'पेक्षा 'खतपाणी घालणे' जवळचं मानतो.

प्रश्न : कांद्याच्या निर्यातबंदीवर इंग्रजीत लेख लिहिताना 'द बॅन फोमेंटेड अँगर' असं लिहिलं. संपादकांनी 'फोमेंटेड' खोडून 'प्रोव्होक्ड' केलं. का? (लासलगाव)

संपादकांची बाजू मी घेईन. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली आणि नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. राग लगेच उसळला. 'प्रोव्होक'चं मूळ 'बाहेर बोलावणे', त्यामुळे ते इथे चपखल बसतं. बंदी काही शेतकऱ्यांच्या बांधावर बसून महिनोन्‌महिने कान भरत नव्हती. तसं करणारा एखादा पुढारी असता, तर तुमचं 'फोमेंट' मी राहू दिलं असतं. व्याकरण दोन्हीकडे ठीकच आहे, फरक वजनाचा आहे.

प्रश्न : 'इन्साइट' (चिथावणे), 'इन्स्टिगेट' आणि 'प्रोव्होक' यांत कायद्याच्या दृष्टीने फरक काय? (विधी शाखेची विद्यार्थिनी, कॉलेज रोड)

'प्रोव्होक'ला हेतू लागतोच असं नाही. नकळत वेडंवाकडं बोललात आणि समोरचा चिडला, तरी तुम्ही त्याला 'प्रोव्होक' केलंत. उरलेल्या दोघांत हेतू गृहीत असतो. 'इन्साइट'च्या मुळाशी हलवणं, गती देणं आहे. 'इन्स्टिगेट'चं मूळ टोचण्याचं, बैलाला पराणी टोचावी तसं. भारतीय दंड संहितेच्या कलम १०७ मध्ये अपप्रेरणेची, म्हणजे गुन्ह्याला उद्युक्त करण्याची, व्याख्या करताना पहिलाच मार्ग 'इन्स्टिगेट' हा सांगितला होता; भारतीय न्याय संहितेत ते आता कलम ४५ आहे. कायद्यात माणसाला 'इन्स्टिगेट' करतात. बातमीत दंगल 'इन्स्टिगेट' होते. उत्तरपत्रिकेत पहिलं वापरा.

प्रश्न : मी दिंडोरीकडे वायनरीत आहे. आमचं 'फर्मेंट' आणि हे 'फोमेंट' एकच का?

नाही. तुमचं आलं 'फर्मेंटुम'वरून, म्हणजे विरजण, खमीर. गोंधळ होतो कारण शब्दकोशात 'फर्मेंट'लाही खळबळ माजवणे हा अर्थ दिलेला असतो. एक खूण धरा : द्राक्षरस टाकीत आपला आपण 'फर्मेंट' होतो, असंतोष मात्र आपला आपण 'फोमेंट' होत नाही, तिथे कर्ता लागतो.

प्रश्न : 'फोमेंट होप' चालेल?

कानाला खटकतं. आशेला 'फॉस्टर' (जोपासणे) द्या.

प्रश्न : मनमाडजवळ पानेवाडीहून निघणाऱ्या काही टँकरवर 'फ्लेमेबल' तर काहींवर 'इन्फ्लेमेबल' लिहिलेलं पाहिलंय. उलट अर्थ ना?

अजिबात नाही, दोन्ही ज्वालाग्राहीच! 'इन्फ्लेम' म्हणजे पेटवणे, मग ते इंधन असो वा भावना. सुजेला 'इन्फ्लमेशन' म्हणतात तेही यातूनच. इथला 'इन' नकाराचा नव्हे. पण लोक तसा समजतात, म्हणून विसाव्या शतकात अग्निसुरक्षेच्या मंडळींनी 'फ्लेमेबल'चा आग्रह धरला. न पेटणाऱ्या मालावर 'नॉन-फ्लेमेबल' असतं. बाकी दोन्ही पाट्यांपासून विडी लांब ठेवा.