डॉज रॅम्पेजसारखी पिकअप जुनी कार कापून घरी बनवता येईल का?

रॅम्पेजचा फोटो बघून विचारलंय तुम्ही, मलापण ती गाडी लय आवडते. समोरनं बघितली तर कूपे, म्हणजे दोन दाराची बुटकी कार, आणि मागं डिक्कीच्या जागी हौदा. डॉज या अमेरिकन कंपनीने १९८२ ते ८४ एवढीच काढली, तिची जुळी प्लिमथ स्कॅम्प तर फक्त १९८३ ला, त्यामुळे आता अमेरिकेतपण क्वचितच दिसते.

पण त्यांनी नुसता टप कापून हौदा लावला नव्हता हो. अशा कारला ट्रकसारखी वेगळी चासी नसते, पत्र्याची बॉडीच सगळा भार घेते, बिस्किटाच्या डब्याचं झाकण काढून पिळून बघा म्हणजे टप काय काम करतो ते कळेल. म्हणून कंपनीने पुढच्या-मागच्या चाकातलं अंतर वाढवलं, मागं कॉइल स्प्रिंगच्या जागी पाटे (लीफ स्प्रिंग) टाकले, तेव्हा कुठं ती साधारण ५०० किलो माल घ्यायला लागली. इंजिन २.२ लिटर आणि ओढ पुढच्या चाकांना, म्हणजे हौद्याखालनं शाफ्ट न्यायची भानगडच नाही.

आता आमच्या घरचं सांगतो. काकांनी पंचवीसेक वर्षांपूर्वी प्रीमियर पद्मिनी गाडी कापली होती, एमआयडीसीतनं चादरीचे गठ्ठे सोलापूरच्या चाटी गल्लीत टाकायला. डेंटरने मागची दारं वेल्ड करून टाकली, सीटमागनं टप उडवला, काच बसवली, दोन दिवस अख्खी गल्ली बघायला येत होती. रिकामी झकास पळायची. पद्मिनीला मागं पाटे आधीपासनंच असतात त्यामुळे मागनं बसली नाही, पण सहा-सात गठ्ठे टाकले की बॉडी मधनं दबायची, दाराच्या वरची फट मिटायची आणि दार जाम. हमालांनी गठ्ठे उतरवले की आपोआप उघडायचं, तोवर काका आतच बसलेले, खिडकीतनं चहा घेत. आम्ही हसायचो, पण कुठं ठोकली असती तर काय झालं असतं तो विचार आता येतो.

आणि आता तर कागदाचंपण अवघड आहे. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनला सोडून गाडीत बदल चालत नाही, आरसीवर कार आणि रस्त्यावर पिकअप असं धरलं तर आरटीओ आणि इन्शुरन्स दोन्हीकडनं अडकाल. माल न्यायचा असेल तर सरळ सेकंडहँड पिकअप घ्या की, स्वस्तात पडेल.

फक्त मळ्यात फिरवायला हौस म्हणून करणार असाल तर डेंटरला एवढं सांगा, टपाला कटर लावायच्या आधी दोन्ही दारांच्या चौकटीत तिरपे अँगल टॅक करायचे (वेल्डिंगच्या ठिपक्यांनी तात्पुरते जोडायचे) आणि तळाला या टोकापासनं त्या टोकापर्यंत चौकोनी पाइप मारून घ्यायचे, अँगल सगळ्यात शेवटी काढायचे. आमच्या डेंटरने आधी टप कापला होता.