त्या लाल ठिपक्यांचं नाव राहू दे, आधी चिठ्ठी सांभाळा

इथली ती पोस्ट वाचली. राजापूरच्या सड्यावरच्या, म्हणजे कातळपठारावरच्या, डबक्यात पोहणारे लाल ठिपके (हे पाण्यातले माइट, कोळ्यांच्या नात्यातले बारीक जीव), मोबाइलचा फोटो, ॲपने सुचवलेलं कुठलंतरी युरोपातलं नाव, इथवर ठीक होतं. पण "सगळे नमुने एका लॅबला पाठवून मोकळा होतो" हे वाचलं आणि राहवलं नाही. सगळे नका पाठवू हो.

मी झूऑलॉजीवाला नाही, हौशी माणूस, तेव्हा चुकलो तर जाणकारांनी कान धरावा. कुडाळकडच्या व्हाळांतले (ओढ्यांतले) आणि तळ्यांतले माइट जमवून मी एका संस्थेला दिले होते, नाव घेत नाही, उगाच कशाला. प्रत्येक बाटलीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी होती, गाव, तारीख, पाणी वाहतं की साचलेलं, तळाला वाळू की शेवाळ. मग फोनवर "साहेब रजेवर", "साहेब मीटिंगला", आणि शेवटी स्वतः जाऊन बघतो तर कपाटात जागा नाही म्हणून सगळ्या बाटल्या एकाच बरणीत ओतलेल्या, चिठ्ठ्या फेकलेल्या आणि बाहेरून एकच लेबल, 'माइट, जि. सिंधुदुर्ग'. धामापूरच्या तळ्यातला कुठला आणि माणगाव खोऱ्यातल्या व्हाळातला कुठला, आता ब्रह्मदेव आला तरी सांगणार नाही. वर तिथला माणूस म्हणतो, जिल्हा तर बरोबर आहे ना! त्याआधी एका कृषी ऑफिसात "हा भेंडीवरचा लाल कोळी, औषध मारा" असं ऐकलं होतं, ते परवडलं.

नाव उद्या कोणीही लावेल, गाव नाही लावता येत. म्हणून निम्मे नमुने स्वतःकडे ठेवा, चिठ्ठी बाटलीच्या आतच टाका, बॉलपेनने अजिबात नको, अल्कोहोलमध्ये शाई उतरते. आणि वहीत तेच पुन्हा लिहा.

ॲपचं म्हणाल तर माझं मत जरा कडक आहे. फोटोवरून प्रजातीचं नाव टाकूच नये, 'हायड्रॅक्निडिया', म्हणजे पाण्यातल्या माइटचा अख्खा गट, एवढ्यावर थांबावं, फार तर वंशापर्यंत जावं. लाल रंगाचा आयलाइस हा एकटाच वंश नाही, हायड्रॅक्ना वंशातलेही लालच. खरी ओळख पोटाकडच्या बाजूला, पायांच्या बुडाच्या प्लेटा, जननछिद्राजवळचे ठिपके आणि तोंडाजवळचे पाल्प (छोट्या पायांसारखे अवयव) यांवरून होते, म्हणजे मायक्रोस्कोपखाली अवयव सुटे करून बघावं लागतं. ॲरेन्युरस नावाच्या वंशात तर नराची शेपटी बघायची, नुसत्या मादीवरून भलेभले अडकतात. भारतातल्या माइटवर डेव्हिड कुक यांचं १९६७चं काम आहे, त्यातली चित्रं मिळाली तर बघाच.

टिकवायला कोएनिकेचं द्रावण, ग्लिसरीन ५ भाग, पाणी ४, ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड १. घरचं व्हिनेगर चालत नाही, आणि ॲसिड झोंबतं, हातमोजे घाला. नुसत्या स्पिरिटमध्ये ते कडक होतात, मग सोडवताना पाय तुटतात. पण डीएनए करायचा विचार असेल तर थोडे वेगळे काढून ९५ टक्क्यांच्या अल्कोहोलमध्ये ठेवा, कोएनिकेतले त्याला उपयोगाचे नाहीत.

मच्छरदाणीच्या जाळीतून हे निसटतात. स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे बारीक नायलॉनची जाळी मिळते, २५० मायक्रॉनच्या आसपासची मागा. गाळ पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून चहा होईस्तोवर हलवू नका, मग ते आपणच धावायला लागतात. अभयारण्यात किंवा राखीव जंगलात मात्र परवानगीशिवाय बाटली काढू नका.

आणि हो, त्याच डबक्यावरच्या टाचण्यांच्या (चतुरांसारख्या बारीक किड्यांच्या) छातीखाली लाल मणी दिसतात का बघा. ती पाण्यातल्या माइटचीच पिल्लं, सहा पायांची. ओढून काढू नका, टाचणीसकट फोटो घ्या, टाचणी कुठली तेही लिहा, ही नोंद आपल्याकडे फारसं कोणी करत नाही. डबकं दिवाळीनंतर आटायच्या आत पुन्हा एकदा जाऊन या, आणि इथे फोटो टाकाल तो पोटाकडून काढलेला टाका.