पाम बीचचं स्पीडचं चलन: भरायचं की कोर्टात जायचं?

नेरूळच्या सदस्याने विचारलंय: नवी मुंबईतल्या पाम बीच रोडवर कारला ओव्हरस्पीडचं २,००० रुपयांचं चलन, मेसेज महिनाभराने आला, फोटोत गाडीची मागची बाजू आणि वेगाचा आकडा, बाकी काही नाही. भरू की लढू?

ठरत नाही तोवर भरू नका. भरलं की ती मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खालची तडजोड होते आणि विषय संपतो. आधी भरून मग भांडता येत नाही. लोकअदालतीतही रक्कम कमी होते, निर्दोष कोणी ठरत नाही.

तुमच्या हातातला खरा मुद्दा म्हणजे कलम २०९. वेग (१८३) आणि धोकादायक ड्रायव्हिंग (१८४) या गुन्ह्यांत शिक्षा व्हायला तीनपैकी एक गोष्ट झालेली लागते: जागेवरच ‘खटला होऊ शकतो’ अशी ताकीद, गुन्ह्यापासून १४ दिवसांत नोटीस, किंवा २८ दिवसांत समन्स. महिन्याने आलेला मेसेज यात कुठे बसतो, हे त्यांना सांगू दे. पण हुरळून जाऊ नका. नोटीस मालकाला रजिस्टर पोस्टाने पाठवली एवढंही पुरतं. आरसीवर ऐरोलीचा जुना पत्ता ठेवून तुम्ही उलव्याला राहत असाल, तर ती तुमची अडचण. शिवाय नाव-पत्ता वाजवी प्रयत्न करूनही वेळेत मिळाला नाही, असं कोर्टाला पटलं तर हा मुद्दा गळून पडतो.

आता यंत्र. ‘गाडी जोरात होती’ असं एका साक्षीदाराचं नुसतं मत १८३(३) प्रमाणे पुरत नाही, त्यामागे यंत्राची मोजणी लागते. म्हणून सगळी केस त्या यंत्रावर उभी असते. कॅमेरा असेल तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १६७अ खालचं मंजुरीचं प्रमाणपत्र त्या तारखेला चालू होतं का, आधी इशाऱ्याचा बोर्ड होता का, हे लेखी मागा.

फोटो इलेक्ट्रॉनिक पुरावा आहे. अशा पुराव्यासोबत द्यायचं जुन्या पुरावा कायद्यातलं ६५ब चं प्रमाणपत्र १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली येतं, दोन भागांत, हॅश व्हॅल्यूसकट (म्हणजे फाइल बदललेली नाही हे तपासायचा आकडा). जालन्याच्या निवडणुकीवरून सुप्रीम कोर्टात गेलेल्या खोतकर-गोरंट्याल प्रकरणात २०२० साली कोर्टाने ते सक्तीचं धरलं. मूळ उपकरणच हजर केलं तर गोष्ट वेगळी. मात्र खटला संपेपर्यंत ते नंतरही दाखल करून घेता येतं, असंही त्याच निकालात आहे. तेव्हा ‘सर्टिफिकेट नाही, सुटलो’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

केवळ दंडाच्या गुन्ह्याची दखल घ्यायला कोर्टाला सहा महिन्यांची मुदत असते, तेही मोजत राहा.

आणि फोटो मोठा करून बघा हो! मला एकदा हेल्मेटचं चलन आलं, तेव्हा माझी स्कूटर सोसायटीत ताडपत्रीखाली होती. फोटोतली पांढरी, माझी काळी. पाटीवरच्या इंग्रजी ३ ला डावीकडून चिखल लागला होता, त्याचा ८ झाला. आरसी आणि गाडीचा फोटो जोडून ऑनलाइन तक्रार केली, चलन रद्द झालं. कोर्टाची पायरी चढावीच लागली नाही.

तुमच्याकडे पोस्टाने काही आलं असेल तर पाकीट फेकू नका. १४ दिवस गुन्ह्याच्या तारखेपासून त्यावरच्या शिक्क्याच्या तारखेपर्यंत मोजायचे आहेत.