बातमी थांबवा, नाहीतर जाहिरात बंद!

प्रश्न : मी एका जिल्हा दैनिकाचा तालुका वार्ताहर आहे. कमिशनवर जाहिरातीही मीच आणतो. नव्या रस्त्याच्या निकृष्ट कामाची बातमी हाती आहे. ठेकेदाराचा निरोप आला, 'साहेबांच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात विसरा, वर अब्रुनुकसानीची नोटीस येईल.' काय करावे?

उत्तर : आधी जाहिरातीतून बाजूला व्हा. निरोप कोणी, कधी, कोणत्या शब्दांत दिला ते आजच संपादकांना ईमेलने कळवा आणि या मंडळींशी जाहिरातीचे बोलणे दुसऱ्याकडे द्या. कमिशन बुडेल, ते सोसावे लागेल. बातमी छापून आल्यावर त्याच माणसाची जाहिरात तुमच्या हातून आली, तर खंडणीच्या तक्रारीला आयते निमित्त मिळते.

आता बातमीकडे. 'काम निकृष्ट' हे झाले मत, आणि नोटीस नेमकी अशाच शब्दांवर येते. माहिती अधिकारात अर्ज टाका. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर १५० शब्दांच्या आत. अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि अदा झालेली देयके मागा. अंदाजपत्रकात खडीच्या थराची ठरलेली जाडी असते, पुस्तिकेत मोजलेली. बातमी या दोन आकड्यांच्या मध्ये सापडते. साहित्याचे प्रमाणित नमुने मागण्याचा हक्कही याच कायद्यात आहे, तो जरूर वापरा. एके ठिकाणी उकरून स्वतःच टेप लावली, तर ते माप कोर्टात टिकणे कठीण. उत्तराची मुदत ३० दिवस आहे. तेवढे थांबा.

कागद आले की ठेकेदार आणि अभियंता दोघांनाही लेखी प्रश्न पाठवा, उत्तराची वेळ नमूद करा. उत्तर आले तर छापा, नाही आले तर तसे छापा.

बदनामीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली २ वर्षांपर्यंत कैद आहे. बचावात मजकूर खरा होता एवढे पुरत नाही, तो लोकहिताचा होता हेही दाखवावे लागते. नोटिशीला स्वतः उत्तर देऊ नका, वकिलामार्फत संपादकांनी द्यावे. वेबसाइटवरची बातमी गुपचूप उतरवू नका. चूक असेलच तर तितक्याच ठळकपणे दुरुस्ती छापा.

कोणी अंगावर आलेच, तर ठाण्यात नुसत्या एनसीवर (अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीवर) परतू नका. पत्रकारांवरील हल्ल्याविरुद्धच्या राज्याच्या २०१७च्या कायद्यात हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे. तपास उपअधीक्षक किंवा त्यावरचा अधिकारीच करतो. कंत्राटावरचा पत्रकारही या कायद्यात येतो, पण तुम्ही पत्रकार आहात हे कागदावर दिसायला हवे. नेमणुकीचे पत्र नसेल तर ते आधी मागून घ्या.